परिचर्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही तर

बारावीचे निकाल जाहीर झाल्यानंतरचे दोन-तीन महिने खेड्यापाड्यांतील कितीतरी घरांत घालमेलीचे असतात. मुलीला परिचारिका व्हायचे असते. घरच्यांनी तिची तयारी मान्य केलेली असते. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशयाद्या एकामागून एक लागतात आणि शेवटच्या यादीतही तिचे नाव येत नाही. अशा वेळी तिच्यासमोर मोजकेच रस्ते उरतात. वर्षभर थांबून पुन्हा प्रवेश परीक्षा द्यावी, खाजगी संस्थेत ऐपतीबाहेरचे शुल्क भरावे, तालुक्याच्या गावी पाटी लावून बसलेल्या एखाद्या 'नर्सिंग' वर्गात नाव घालावे, नाही तर शिक्षणाचा विषयच सोडून द्यावा. यांखेरीज आणखी एक रस्ता आहे आणि शासनाने मान्य केलेला आहे. तो सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., या अभ्यासक्रमाचा. ही निवड कोणी करावी, कोणी करू नये आणि करताना काय पाहावे, याची माहिती मुलीच्या आधी तिच्या शिक्षकांना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि गावपातळीवरील कर्मचाऱ्यांना असणे आवश्यक आहे. मुलगी सल्ल्यासाठी प्रथम त्यांच्याकडेच येते.

प्रवेश का नाकारला गेला?

सल्ला देण्यापूर्वी नकाराचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण सर्व नकार सारखे नसतात. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. राष्ट्रीय निकषानुसार विज्ञान विषयांत एकत्रित किमान ४५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. त्याखेरीज प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होते.

कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीला या पदवीचे दार मुळातच बंद असते. तिचा प्रवेश बारावीच्या निकालाने हुकलेला नसतो. अकरावीत शाखा निवडली, त्याच दिवशी तो हुकला आणि त्या वेळी कोणी तिला तसे सांगितले नाही. दहावीच्या वर्गशिक्षकांनी वर्षातून एक तास या विषयावर खर्च केला, तरी पुढची पुष्कळ निराशा टळेल.

नकाराचा दुसरा प्रकार कागदपत्रांचा आहे. गुण आहेत, परीक्षा दिली आहे. परंतु जात वैधता प्रमाणपत्र वेळेत मिळाले नाही, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला जुना झाला, अधिवास प्रमाणपत्रातील नाव गुणपत्रिकेशी जुळले नाही, अशा कारणांनी राखीव जागेवरील हक्क जातो. अशा मुलीला दुसरा अभ्यासक्रम सुचविणे म्हणजे दुखणे डोक्याला आणि पट्टी पायाला. तिचे प्रमाणपत्र मिळवून देणे हेच तिला साह्य होय. ते काम अकरावीतच हाती घेतले पाहिजे. बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्रासमोर रांगेत उभे राहून वेळ साधेलच असे नाही.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने गुणांचा आहे. पात्रता आहे, पण जागा थोड्या आणि उमेदवार फार. पुढील विवेचन मुख्यतः अशा मुलींसाठी आणि कला शाखेतील मुलींसाठी आहे.

तीन अभ्यासक्रम, तीन वाटा

परिचर्येचे शिक्षण तीन पातळ्यांवर दिले जाते. चार वर्षांची पदवी, तीन वर्षांची जी.एन.एम. ही पदविका आणि दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम. पदवीच्या परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत होतात. इतर दोन्ही अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या कक्षेत येतात. कोणत्याही अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, जी.एन.एम.साठी विज्ञान शाखेची सक्ती नाही. राष्ट्रीय निकषानुसार बारावीला किमान ४० टक्के गुण आणि इंग्रजी हा विषय असला, तर कला शाखेतील मुलगीही अर्ज करू शकते. म्हणून पदवीचा प्रवेश हुकलेल्या मुलीने प्रथम जी.एन.एम.चा विचार करावा, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हिशेबही तसाच सांगतो. एक वर्ष थांबून पुढच्या वर्षी पदवीला प्रवेश मिळाला, तर पदवी हाती येण्यास पाच वर्षे लागतात. जी.एन.एम.ची तीन वर्षे आणि त्यानंतर पदविकाधारकांसाठी असलेली दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. मिळूनही पाचच वर्षे होतात. फरक इतकाच की, दुसऱ्या वाटेने जाणारी मुलगी तिसऱ्या वर्षाअखेर नोंदणीकृत परिचारिका होते आणि घरची अडचण आली तर मध्येच नोकरीला लागू शकते. पहिल्या वाटेवरील मुलीचे एक वर्ष मात्र पुढच्या यादीच्या भरवशावर जाते.

मग ए.एन.एम. कोणासाठी? जिचे गुण जी.एन.एम.च्या अटीपेक्षा किंवा त्या वर्षाच्या चढाओढीपेक्षा कमी पडले तिच्यासाठी. जिच्या घरी तीन वर्षे थांबण्याची सवड नाही, दोन वर्षांत मिळवती होण्याची गरज आहे तिच्यासाठी. आणि जिला मोठ्या रुग्णालयापेक्षा गावातील माताबालकांचे काम मनापासून करावयाचे आहे तिच्यासाठी. हा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. वयाची किमान मर्यादा १७ वर्षांची असून बारावी कला किंवा विज्ञान शाखेतून उत्तीर्ण असावे लागते.

पुढे शिकता येत नाही, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. नोंदणीकृत ए.एन.एम. जी.एन.एम.च्या प्रवेशास पात्र ठरते. त्यानंतर पोस्ट बेसिक पदवीही करता येते. मात्र येथे काळजीपूर्वक बोलले पाहिजे. ए.एन.एम.ची दोन वर्षे जी.एन.एम.मधून वजा होत नाहीत. तो अभ्यासक्रम पूर्ण तीन वर्षांचा करावा लागतो. म्हणजे दोन, तीन आणि दोन अशी सात वर्षे. नोकरी करीत, मध्ये खंड घेत, कदाचित दहा. ज्या मुलीला मनातून पदवीच हवी आहे आणि जिला जी.एन.एम.ची जागा मिळू शकते, तिला ही लांबची वाट दाखविणे योग्य नव्हे.

'सहायक' या शब्दाविषयी

या अभ्यासक्रमाकडे दुय्यम म्हणून पाहिले जाते याला त्याचे नावही थोडे कारणीभूत आहे. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा अखंड हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. प्रसाविका सुमारे ५,०००. पूर्ण शिक्षण घेतलेल्या परिचारिका खेड्यांपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागेल हे उघड होते. त्यातून कमी मुदतीच्या प्रशिक्षणाची कल्पना पुढे आली आणि १९५१ साली पंजाबमधील तरनतारन येथील सेंट मेरीज रुग्णालयात दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम सुरू झाला. त्या वेळी भर होता तो बाळंतपणावर. १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची योजना मांडली. त्यानंतर १९७७ साली अभ्यासक्रमाची मुदत दीड वर्षावर आणण्यात आली आणि लसीकरण, कुटुंबकल्याण, साथरोग अशी अनेक कामे तिच्या वाट्याला आली. पुढे मुदत पुन्हा दोन वर्षांची झाली, त्यात शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे. मुदतीची ही ओढाताण पाहिली म्हणजे या पदाकडून अपेक्षा किती वाढत गेल्या ते कळते.

आज उपकेंद्र सपाट प्रदेशात ५,००० आणि आदिवासी वा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक, या निकषाने उभारले जाते. तेथे रोजच्या कामाला डॉक्टर नसतात. गरोदर स्त्रीचा रक्तदाब मोजणे, हिमोग्लोबिन पाहणे, लघवीत प्रथिने आहेत का ते तपासणे ही कामे आरोग्य सेविकाच करते. हिमोग्लोबिन सातपेक्षा खाली गेले, तर त्या बाईला गोळ्या देऊन घरी पाठवावयाचे नसते. रुग्णालयात पाठवावयाचे असते. रक्तदाब वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस टोचून मगच वाहनात बसवावयाचे असते. प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊ लागला, तर ऑक्सिटोसिन देण्याची मुभा केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी तिला दिलेली आहे. लसीकरणाच्या दिवशी लशी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात गावापर्यंत आणणे, बालकाला टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसवून ठेवणे, हेही तिच्याच जबाबदारीवर. ज्या क्षणी निर्णय घ्यावयाचा असतो, त्या क्षणी ती एकटी असते. अशा कर्मचाऱ्याला सहायक म्हणणे हा केवळ प्रशासकीय भाषेचा प्रकार आहे. गावकरी तिला 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणतात, त्यात अधिक सत्य आहे.

अभ्यासक्रमाची रचनाही याच कामाला धरून आहे. पहिल्या वर्षी सामाजिक आरोग्य परिचर्या, आरोग्य संवर्धन, प्राथमिक आरोग्य परिचर्या आणि बाल आरोग्य परिचर्या हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र व आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन. इंग्रजीच्या भीतीने मागे सरणाऱ्या मुलींना सांगावयास हवे की, यातील पुष्कळसे शिक्षण पुस्तकात नसून रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात आणि गावातल्या घरभेटीत होते.

परिचर्येकडे कमी लेखून पाहण्याची वृत्ती आपल्याकडे नवी नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे तेथील विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले, तेव्हा पांढरपेशा समाजाने नाके मुरडली होती. त्या शिक्षणातून अनेक विधवा व परित्यक्ता स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

परदेशातही अशी दोन पातळ्यांची व्यवस्था आहे. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्सच्या शिक्षणाखेरीज साधारण एक वर्षाचा प्रॅक्टिकल नर्सचा अभ्यासक्रम असतो. कॅलिफोर्निया व टेक्सास या राज्यांत तिला व्होकेशनल नर्स म्हणतात. तिची परवाना परीक्षा वेगळी असते आणि पुढे शिकून रजिस्टर्ड नर्स होण्याची सोयही आहे. तेथील प्रॅक्टिकल नर्स मुख्यतः वृद्धांच्या शुश्रूषागृहांत, वरिष्ठ परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते. आपल्या आरोग्य सेविकेसारखी ती गावच्या आरोग्याची धुरा एकटीने वाहत नाही. हे सांगण्याचे आणखी एक प्रयोजन आहे. ए.एन.एम. झाल्यावर परदेशी नोकरी मिळेल असे सांगून पैसे घेणाऱ्या दलालांपासून पालकांना सावध केले पाहिजे. परदेशी नोकरीसाठी साधारणतः जी.एन.एम. किंवा पदवी आणि त्या पात्रतेची नोंदणी लागते.

खरा धोका

प्रवेश नाकारलेली मुलगी आणि तिचे पालक त्या काही आठवड्यांत अगतिक असतात. नेमक्या याच काळात 'सहा महिन्यांत नर्स', 'दहावी नापासांनाही प्रवेश', 'शंभर टक्के नोकरी' असे फलक बसस्थानकाबाहेर झळकू लागतात. अशा वर्गांपैकी काही रुग्णसेवकाचे प्राथमिक कौशल्य शिकवितात आणि तसे प्रामाणिकपणे सांगतात. त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु काही वर्ग आपल्या प्रमाणपत्रावर 'नर्सिंग' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापून ते ए.एन.एम.च्या तोडीचे असल्याचे भासवितात. या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. जिल्हा परिषदेच्या भरतीत आरोग्य सेविकेच्या पदासाठी नोंदणी ही मूळ अट असते. तेव्हा फसवणूक लक्षात येते. तोपर्यंत शुल्कापोटी विकलेले जनावर किंवा गहाण टाकलेले दागिने परत येत नाहीत आणि वयाची दोन वर्षे गेलेली असतात. याहून वाईट प्रसंग तेव्हा येतो, जेव्हा अशी अर्धशिक्षित मुलगी एखाद्या खाजगी प्रसूतिगृहात रात्रपाळीला एकटी उभी राहते.

म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेची तपासणी झालीच पाहिजे. संस्थेला परिचर्या परिषदेची व शिक्षण मंडळाची मान्यता आहे काय, ती चालू शैक्षणिक वर्षासाठी आहे काय, आणि नेमक्या याच अभ्यासक्रमासाठी व किती विद्यार्थिनींसाठी आहे, हे विचारावे. जी.एन.एम.ची मान्यता दाखवून ए.एन.एम.चे प्रवेश देता येत नाहीत. भिंतीवरील चौकटीतले प्रमाणपत्र पुरेसे समजू नये. परिषदेच्या व मंडळाच्या संकेतस्थळांवरील याद्या पाहाव्यात. संस्था कोणत्या रुग्णालयाशी संलग्न आहे आणि तेथे पुरेशी बाळंतपणे होतात काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. ज्या रुग्णालयात खाटा रिकाम्या, तेथे विद्यार्थिनीची कार्यपुस्तिका भरते, हात मात्र तयार होत नाही. वसतिगृह, ग्रामीण भागातील नेमणुकीची सोय, शुल्काची छापील पावती, मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याचा आग्रह, या गोष्टी एका भेटीत कळतात. या भेटीला मुलीसोबत एखाद्या शिक्षकाने किंवा ग्रामपंचायत सदस्याने जाणे फार उपयोगाचे ठरते. एकट्या पालकाला जी उत्तरे टाळली जातात, ती अशा वेळी द्यावी लागतात.

खाजगी संस्थेकडे जाण्यापूर्वी शासकीय जागेसाठी अर्ज केला आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. राज्यातील अनेक जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयाशी संलग्न शासकीय प्रशिक्षण केंद्रे आहेत. तेथे शुल्क अल्प असते आणि रुग्णसंख्या भरपूर. अर्जांची मुदत थोड्या दिवसांची असल्याने जाहिरात गावापर्यंत पोहोचेपर्यंत ती टळते, ही जुनी उणीव आहे.

शुल्काच्या बाबतीत अनुसूचित जाती, जमाती व अन्य मागास प्रवर्गांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या महाडीबीटी या प्रणालीवरून दिल्या जातात. २०२४ सालापासून राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफीची सवलत वाढविली. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी आहे, व्यवस्थापन कोट्यासाठी नाही. आपला अभ्यासक्रम आणि आपली संस्था या सवलतीत बसते काय, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

नोकरीचे वास्तव

नोकरीविषयी अवाजवी आशा दाखविणे योग्य नाही. जिल्हा परिषदेतील नियमित पदे भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे निघतात आणि त्यांसाठी स्पर्धा असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पदे कंत्राटी स्वरूपाची आहेत. खाजगी प्रसूतिगृहांत काम लगेच मिळते. वेतन मात्र ठिकाणागणिक फार बदलते. समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठी केवळ ए.एन.एम. चालत नाही. नियमित सेवेत असलेल्या आरोग्य सेविकेला अनुभव व प्रशिक्षणानंतर आरोग्य सहायिका या पर्यवेक्षकीय पदापर्यंत जाता येते. या मर्यादा मुलीला आधी कळल्या, तर तिचा विरस होत नाही आणि ती पुढच्या शिक्षणाची तयारी नोकरीत असतानाच करते.

ग्रामपंचायतींना या कामी फार काही खर्च करावा लागणार नाही. बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच्या ग्रामसभेत उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला बोलावून तिच्याकडून तिच्या शिक्षणाची हकिगत मुलींना ऐकवावी. मान्यताप्राप्त संस्थांची चालू वर्षाची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागवून कार्यालयाच्या फलकावर लावावी. प्रवेशास इच्छुक मुलींची नावे मुख्याध्यापकांकडून घेऊन त्यांचे दाखले पूर्ण आहेत काय, हे ग्रामपंचायत अधिकारी व तलाठी यांनी दहावीनंतरच तपासावे. उत्तीर्ण झालेल्या मुलीने परिचर्या परिषदेकडे नोंदणी केली काय, याचीही चौकशी कोणीतरी करावी. कित्येक मुली उत्तीर्ण होऊन लग्नाच्या घाईत नोंदणी न करताच राहतात आणि काही वर्षांनी भरतीची जाहिरात पाहून गुणपत्रिका शोधू लागतात. नोंदणीचे मुदतीत नूतनीकरण करणे, विवाहानंतर नाव बदलल्यास तसा बदल परिषदेच्या दप्तरी करून घेणे आणि मूळ प्रमाणपत्रांची एक प्रत माहेरी ठेवणे, एवढी दक्षता तिने स्वतः घ्यावयाची आहे.